समुपदेशन, मन आणि राजकारण: सांगली-साताऱ्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचतगटाच्या बैठकीत, कॉलेजच्या हॉलमध्ये, कधी बसस्टँडवर उभ्याउभ्या लोक हे प्रश्न विचारतात. मी सांगली जिल्ह्यात समुपदेशक म्हणून काम करते आणि कामानिमित्त माण-खटाव, कराडकडेही जाणं होतं. उत्तरं माझ्या समजुतीप्रमाणे दिली आहेत. कायद्याच्या बाबी आहेत तिथे कायदा काय म्हणतो तेही सांगितलं आहे.

समुपदेशनाचा आणि राजकारणाचा संबंध काय? आम्ही तर आमचं दुखणं सांगायला येतो.

दुखणं सांगायलाच या. पण ते आलं कुठून, हे विचारायला लागलं की गोष्ट एका माणसापुरती राहत नाही. झोप उडालेल्या माणसाला "तुम्ही फार विचार करता" असं सांगता येतं. "तुमच्यावर जे आलंय त्यात कुणालाच झोप लागली नसती" असंही सांगता येतं. पुष्कळदा दोन्हींत थोडं थोडं तथ्य असतं. पण मी कशावर बोट ठेवते त्यावर तो माणूस घरी जाऊन स्वतःला दोष देणार, की कुणाला तरी जाब विचारणार, हे ठरतं. माझ्या मते समुपदेशनाचं राजकारण ते हेच.

हा विचार बाहेरून आलेला नाही. सावित्रीबाई नायगावच्या, जोतीरावांचं मूळ गाव कटगुण, दोन्ही सातारा जिल्ह्यातली. फसवल्या गेलेल्या गरोदर विधवांना त्या काळी उपदेश करणारे रग्गड होते. फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि त्या बायकांना बाळंतपणासाठी जागा दिली. बाईच्या जिवाची घालमेल आणि समाजाचा क्रूरपणा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्यांनी पुरतं ओळखलं होतं.

तुम्ही कोणत्या पक्षाच्या?

मी मतदान करते आणि कुणाला केलं ते समुपदेशनात सांगत नाही. आपल्याकडे कारखान्याची निवडणूक लागली की सख्खे भाऊ दोन पॅनेलमध्ये जातात. इथे बोललेलं समोरच्या गटाच्या कानावर जाईल अशी शंका आली तर माणूस तोंड उघडणारच नाही. म्हणून गुप्तता सगळ्यात आधी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नेही रुग्णाला ती दिली आहे. जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, असे मोजके अपवाद आहेत.

मात्र मारहाण, जातीवरून अपमान, फसवणूक या बाबतीत मी मधोमध उभी राहत नाही. तिथे तटस्थ राहिलं की फायदा बळकटाचा होतो.

परिस्थिती तीच राहणार असेल तर नुसतं बोलून काय होणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगते.

तासगाव तालुक्यातल्या एक बाई, ओळख पटेल असं काही सांगत नाही. तीन मायक्रोफायनान्स कंपन्यांची कर्जं. हप्ता मंगळवारी. सोमवारी दिवेलागणीपासून छातीत धडधड सुरू व्हायची. पिठाच्या डब्याच्या झाकणावर दहा-वीसच्या नोटा मांडून त्या पुन्हा पुन्हा मोजायच्या, जशा काही मोजल्या की वाढणार होत्या. मंगळवारी वसुलीवाला येऊन ओट्यावर बसायचा आणि गटातल्या बाकीच्या बायका दारात उभ्या राहायच्या, कारण एकीचा हप्ता चुकला की भार सगळ्यांवर. पैशापेक्षा हे दारात उभं राहणं त्यांना जास्त लागायचं. त्यांना एका शिबिरात ध्यान करा, सकारात्मक विचार करा, असं सांगून झालं होतं.

आम्ही सुरुवात झोपेपासूनच केली. श्वासाचे व्यायाम, संध्याकाळचा चहा बंद, आणि सिव्हिलमधल्या डॉक्टरांकडून थोडे दिवस औषध. याला कमी लेखू नका. तीन रात्री सलग झोप लागली की माणसाला कागद वाचता येतो. मग तिन्ही पासबुकं समोर ठेवून एका वहीत हिशेब लिहिला. रिझर्व्ह बँकेचे नियम काढले. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या या नियमांप्रमाणे, कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जातील असं नवं कर्ज देता येत नाही. वसुली कंपनी आणि कर्जदार या दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणी करायची असते. कर्जदार लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा तिथे आला नाही तरच घरी जायची मुभा आहे. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही.

हे वाचल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मी एकटीच नालायक नव्हते."

पुढच्या बैठकीला त्या गटातल्या आणखी बायकांना घेऊन आल्या. सगळ्यांनी सह्या करून कंपन्यांच्या तक्रार अधिकाऱ्यांना पत्रं पाठवली. दारातली वसुली थांबली. कर्ज अजून आहे, फेडणं चालू आहे, मंगळवार अजूनही जड जातो. पण आता त्या मंगळवारी एकट्या नसतात. नुसतं बोलून कर्ज फिटत नाही हे खरंच आहे. बोलल्यामुळे लाज उतरते, आणि लाज उतरल्याशिवाय माणूस दुसऱ्याजवळ जात नाही.

शेतकऱ्याची आत्महत्या हा मानसिक आजार की धोरणाचं अपयश?

हे दोन गट पाडून आपण फार वर्षं वाया घालवली. एकाने म्हणायचं नैराश्य, दुसऱ्याने म्हणायचं हमीभाव. माणूस दोन्ही घेऊन जगत असतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. देशभरातल्या या माणसांत एक चतुर्थांशाहून अधिक रोजंदारीवर जगणारी होती. कारणांच्या रकान्यात सगळ्यात मोठा आकडा 'कौटुंबिक समस्या' असा आहे, साधारण ३२ टक्के. आता विचार करा, अवकाळी पावसाने द्राक्षबाग गेली, सोसायटीचं कर्ज थकलं, त्यावरून घरात भांडण झालं, तर पंचनाम्यात काय लिहिलं जाईल? घरगुती वाद. कारण लिहिणाऱ्याच्या पेनातसुद्धा राजकारण असतं.

धोरणाने जीव वाचतात याचा दाखला श्रीलंकेचा आहे. तिथे १९९० च्या दशकात अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि पुढच्या दहा वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. त्या वाचलेल्या माणसांपैकी बहुतेकांनी समुपदेशकाचं तोंडही पाहिलं नसेल. मला यात कमीपणा वाटत नाही.

आपल्याच जिल्ह्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण उभं केलं, भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा हवा असं म्हटलं. आटपाडीच्या पाणी परिषदांतून समान पाणीवाटपाची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली गेली. याला कुणी मानसिक आरोग्याचं काम म्हणत नाही. मी म्हणते.

आणि तरीही, आज रात्री ज्याच्या डोक्यात जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आहे त्याला धोरण बदलेपर्यंत थांबा म्हणता येत नाही. त्याच्याजवळ बसायला माणूस लागतो. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत नंबर आहे, २४ तास, मराठीत बोलता येतं.

कलेक्टर कचेरीसमोर आत्मदहनाचा इशारा देणाऱ्याला समुपदेशन करायचं की त्याचं काम करायचं?

त्याचा अर्ज आधी काढा. दर १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला आपल्याकडे असे इशारे येतात. बहुतेकांच्या हातात वर्षानुवर्षं फिरवलेली फाईल असते. मोजणी, भूसंपादनाचा मोबदला, रस्त्याचं अतिक्रमण, असंच काहीतरी.

कायद्याची गंमत नाही, विसंगती बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच आधी धरून चाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतून आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा मानणारं जुनं कलम ३०९ गेलं, हे चांगलं झालं. पण त्याच संहितेच्या कलम २२६ मध्ये, सरकारी अधिकाऱ्याला भाग पाडण्यासाठी असा प्रयत्न केला तर शिक्षा ठेवली आहे. घरात हताश झालेला रुग्ण, आणि कचेरीपुढे हताश झालेला आरोपी? ताण दोघांनाही तितकाच असू शकतो. या कलमावर विधिमंडळात आणि बाहेरही चर्चा व्हायला हवी.

बायकांना समुपदेशनाच्या नावाखाली समजूत घालून परत नांदायला पाठवतात. हे बरोबर आहे का?

नाही. आणि हे घडतं, फार घडतं. माझ्याकडे आलेल्या एकीला एका ठिकाणी "थोडं तूही समजून घे, मुलांकडे बघ" असं सांगून तडजोडीच्या कागदावर सही घेतली होती. तिच्या मनगटावर तेव्हा प्लास्टर होतं. सही डाव्या हाताने केलेली, वाकडी. तो कागद तिने मला दाखवला तेव्हा तारीख वाचून मला घाम फुटला, कारण पुढची मारहाण त्याच आठवड्यातली होती.

कायदा असं सांगत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण अधिनियम, २००५ खाली दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. पण त्याचे २००६ चे नियम साफ आहेत: समुपदेशनात हिंसेचं कोणतंही समर्थन नवऱ्याला करू द्यायचं नाही, आणि ही गोष्ट त्याला आधीच सांगायची. "तिनं उलट उत्तर दिलं म्हणून" हे वाक्य त्या खोलीत चालतच नाही. तडजोड करायची की नाही हे ठरवणारी ती. संरक्षण, राहण्याचा हक्क, पोटगी मागायची असेल तर संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाता येतं.

महाराष्ट्रात पोलीस ठाण्यातच महिलांसाठी विशेष कक्ष असावा ही कल्पना १९८४ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने प्रत्यक्षात आणली. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या शेजारी बसली की बाईच्या बोलण्याला वजन येतं, हा त्यामागचा विचार. तिथे बसणारीच जर घर वाचवायला निघाली आणि बाईला विसरली, तर तो कक्ष सासरची आणखी एक खोली झाला. 'घर मोडू नये' ही आपल्या समाजाची ओढ मला कळते. पण घर मोडण्याचं खापर मार खाणारीवर फोडणं मला मान्य नाही.

सरकारच्या विरोधात बोलणाऱ्याला वेडा ठरवता येतं का?

इतिहासात ठरवलं गेलं आहे. सोव्हिएत रशियात सरकारवर टीका करणाऱ्यांना 'मंद गतीचा स्किझोफ्रेनिया' असं निदान चिकटवून इस्पितळात डांबलं जायचं. १९७७ मध्ये होनोलुलूच्या परिषदेत जगभरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याचा निषेध केला. त्याआधी १८५१ मध्ये अमेरिकेत सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने पळून जाणाऱ्या गुलामांना पळण्याचा 'आजार' असतो असं लिहून ठेवलं होतं. समलिंगी असणं अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या आजारांच्या यादीत १९७३ पर्यंत होतं.

आपल्या कायद्याने यातून धडा घेतला आहे. २०१७ च्या कायद्याचं कलम ३ सांगतं की राजकीय, आर्थिक, सामाजिक स्थान किंवा धर्म-संस्कृती यांवरून कुणाला मनोरुग्ण ठरवायचं नाही. समाजातल्या रूढ नैतिक, सामाजिक किंवा राजकीय मूल्यांशी जुळवून घेत नाही म्हणूनही नाही. हे कलम मला फार मोलाचं वाटतं. परजातीत लग्न करायचं म्हणणाऱ्या मुलीला "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, औषध द्या" म्हणत आई-वडील घेऊन येतात, तेव्हा मी याच कलमाचा आधार घेते.

समुपदेशनात जातीचा विषय कशाला?

कारण माणूस जात दाराबाहेर ठेवून येत नाही. वसतिगृहातला मुलगा सांगतो, मित्र एकदम बोलायचे बंद झाले. कधीपासून? आडनाव आणि प्रवर्गाची यादी बोर्डावर लागल्यापासून. याला आत्मविश्वास वाढवायचे धडे देऊन काय होणार? त्याला हे कळायला हवं की त्याने अनुभवलेलं खरं आहे, आणि तक्रारीचा मार्ग आहे. जात पंचायतीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांसाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. समुपदेशकाला तो माहीत नसेल तर त्याने ही कामं घेऊ नयेत.

उच्चवर्णीय समुपदेशकांनी एवढं तरी करावं: "मला तर असं कधी जाणवलं नाही" हे वाक्य बोलू नये.

देवरुषाकडे जाणाऱ्यांना तुम्ही अडाणी समजता का?

नाही. जवळ दुसरं कुणी नसतं म्हणून लोक जातात. देवरुषी गावातच असतो, रात्रीही भेटतो, आणि "तुला काही झालेलं नाही" असं म्हणत नाही. सासुरवाशिणीच्या अंगात आलं की एरवी तिच्याकडे न बघणारं घर तिचं ऐकतं. हे समजून घेतलं पाहिजे.

पण चाबकाचे फटके, उपाशी ठेवणं, साखळीने बांधणं याला माफी नाही. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवण्याच्या एका जागेत ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडात बांधलेली माणसं पळूही शकली नाहीत. कोणत्याही मनोरुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अंधश्रद्धेविरुद्धच्या लढ्याबरोबर साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्तीचं कामही उभं केलं होतं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. ज्यासाठी त्यांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला तो कायदा त्यांना बघायला मिळाला नाही. मनाच्या आरोग्याचं काम राजकीय नसतं असं म्हणणाऱ्यांनी हे आठवावं.

सांगलीतल्या वेश्याव्यवसायातल्या बायकांना सक्तीने समुपदेशन करून 'सुधारावं' का?

त्यांनी याचं उत्तर स्वतःच दिलंय. सांगलीत 'संग्राम' या संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, ती या बायकांचीच. एकमेकींना सल्ला देणं, दवाखान्यात सोबत जाणं, पोलिसांशी बोलणं त्या स्वतः करतात. २००५ मध्ये अमेरिकी मदतीसोबत वेश्याव्यवसायविरोधी शपथ घ्यायची अट आली, तेव्हा 'संग्राम'ने ती मदत नाकारली. ज्यांच्यासाठी काम त्यांच्याच विरोधात सही करायची नाही, इतकी साधी गोष्ट. बळजबरीने दिलेला सल्ला हे समुपदेशन नव्हे, मग तो कितीही गोड शब्दांत दिलेला असो.

महापुरानंतर आलेली समुपदेशनाची पथकं उपयोगी पडली का?

काही पडली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या. जी पथकं आधी पंचनाम्याच्या रांगेत लोकांबरोबर उभी राहिली, अर्ज भरून दिले आणि मग बोलली, त्यांच्याशी लोक मोकळे झाले. जी थेट "तुम्हाला कसं वाटतंय?" विचारत आली त्यांना लोकांनी चहा पाजून परत पाठवलं.

नदीकाठच्या घरांत अजूनही जुलै लागला की मोबाईलवर तासातासाला पाणीपातळी बघणारी माणसं आहेत. कोयनेचा विसर्ग, अलमट्टीची पातळी, पूररेषेतली बांधकामं हे विषय त्यांच्या काळजीचा भाग आहेत. ते वगळून फक्त 'भीती घालवू' म्हणणं पोकळ आहे.

कंपनीत 'ताणमुक्ती'ची शिबिरं होतात. चांगलं की वाईट?

बारा तासांची पाळी तशीच ठेवून घेतलं असेल तर मालकाच्या सोयीचं. कामाचे तास आणि पगार यांवर बोलू दिलं तर चांगलं.

समुपदेशक खरा आहे हे कसं ओळखायचं?

शिक्षण विचारा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, औषध फक्त डॉक्टर देऊ शकतात. 'समुपदेशक' अशी पाटी मात्र आजही कुणीही लावतं. पहिल्या भेटीतच उपाय सांगणारा, तुमच्या घरच्यांना परस्पर फोन करणारा किंवा देवधर्म-राजकारणाचे धडे देणारा असेल तर उठून या.

गाव म्हणून आम्ही काय मागू शकतो?

२०१७ च्या कायद्याच्या कलम १८ ने सरकारी मानसिक आरोग्य सेवा हा प्रत्येकाचा हक्क केला आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला कार्ड नसलं तरी सरकारी ठिकाणी उपचार मोफत, आणि बेघर-निराधारालाही मोफत. अत्यावश्यक औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे कायम आणि विनामूल्य मिळाली पाहिजेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. त्याचं पथक सिव्हिलमध्ये असायला हवं आणि तालुक्यालाही यायला हवं.

तेव्हा ग्रामसभेत हे लेखी मांडा, ठराव क्रमांकासह: मानसोपचाराचं पथक आपल्या तालुक्यात कोणत्या वारी येतं, त्याचा फलक प्राथमिक आरोग्य केंद्रावर लावा. औषधांचा साठा संपला तर कुणाला कळवायचं त्याचं नाव द्या. आशाताईंवर हे काम टाकणार असाल तर प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला द्या, त्यांच्या डोक्यावर आधीच पुष्कळ रजिस्टरं आहेत. ऊसतोडीच्या टोळ्या नोव्हेंबरात येतात. त्यांच्या पालांवरही पथक गेलं पाहिजे, ती माणसं आपल्या मतदार यादीत नसली तरी. ठरावाची प्रत जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवा, पोच घ्या, आणि पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय हाच ठेवा.